प्रयोगवही : जेसीबी, मेथी आणि एका काठीची सावली

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलेलं असतं आणि घाम मुलांना नाही, पालकांना फुटलेला असतो. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं, आणि प्रदर्शनांत परीक्षक म्हणून इतक्या टेबलांपुढे उभी राहिले की थर्माकोलचा वास आला तरी मला गुणपत्रिका आठवते. त्यामुळे माझी उत्तरं निःपक्षपाती नसतात, हे आधीच सांगून टाकते. यावेळी सातपैकी सहा पत्रं घेतली आहेत, सातवं फारच खाजगी होतं.

प्रश्न : बाई, माझा मुलगा आठवीत आहे. शाळेतून 'प्रदर्शनासाठी एक मॉडेल आणा' असा निरोप आलाय. इथल्या स्टेशनरीच्या दुकानात हायड्रॉलिक जेसीबी, ज्वालामुखी, स्मार्ट सिटी सगळं तयार मिळतं. जेसीबी चौदाशे रुपयांना. मिस्टर म्हणतात, घेऊन टाक, सगळेच घेतात. मला पटत नाही, पण माझं शिक्षण कला शाखेचं. मी त्याला काय शिकवणार?
— एक आई, बार्शी

ताई, एका वर्षी एकाच सभागृहात मी नऊ जेसीबी मोजले. नऊही पिवळे. पाचव्या जेसीबीपाशी उभ्या असलेल्या मुलाला विचारलं, "नळीत पाणीच का रे भरलंस? नुसती हवा ठेवली असती तर?" त्याने पास्कलचा नियम, म्हणजे बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो तो, म्हणायला सुरुवात केली. मी मध्येच थांबवलं, तर आरतीचं कडवं चुकल्यासारखा परत पहिल्या ओळीवर गेला. शेवटी मीच नळी उपसली. पाणी टेबलावर सांडलं, चार्ट भिजला, त्याच्या वर्गशिक्षिका माझ्याकडे बघायला लागल्या. नळी रिकामी करून परत जोडली आणि म्हटलं, आता दाब. त्याने दट्ट्या दाबला. पलीकडचा हात लगेच हललाच नाही. जरा उशिरा, लचकत उठला. "आयला, हे तर स्प्रिंगसारखं झालं!" म्हणाला आणि जीभ चावली. पाणी दाबलं जात नाही आणि हवा दाबली जाते, हे त्याला त्या क्षणी बोटांतून कळलं. त्या दिवशी त्या सभागृहात झालेला तेवढा एकच प्रयोग, आणि तोही परीक्षकाने पाणी सांडून केलेला.

तेव्हा जेसीबीला माझा विरोध नाही. मुलाला जेसीबी आवडतो, तर जेसीबीच करू दे. पण दुकानातला नको. औषधाच्या दुकानातून ५ मिलीची एक आणि २० मिलीची एक अशा दोन सिरिंज आणा, सुया तिथेच ठेवा. सलाइनची हातभर नळी आणा. घरात मोजपट्टी असेलच. नळीत पाणी भरताना बुडबुडा राहू द्यायचा नाही, हे पहिलंच काम त्याला अर्धा तास पुरेल. मग छोट्या सिरिंजचा दट्ट्या ४ सेंटीमीटर आत ढकलला, तर मोठीचा किती बाहेर येतो ते मोजायचं. पाच वेळा मोजायचं, पाचही आकडे लिहायचे. नंतर मोठ्या दट्ट्यावर पुस्तकं ठेवून, छोट्यावर किती वजन ठेवलं की ती उचलली जातात ते बघायचं. स्वयंपाकघरातली डाळीची अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं वजनं म्हणून चालतात. पुस्तकातल्या सूत्रानं जे उत्तर यायला हवं ते येणार नाही, कारण दट्ट्याचं रबर आतून घासतं. किती कमी पडलं, ते त्याने वहीत लिहावं. खोडरबर न वापरता. मग वाटलं तर पुठ्ठ्याचा जेसीबी करून त्यात ह्याच सिरिंज बसवा आणि पिवळा रंग द्या, माझी ना नाही.

आणि कला शाखेचं म्हणाल, तर तुम्ही त्याला शिकवायचं नाहीच. रोज रात्री ताटं वाढताना विचारायचं, "आज काय मोजलंस?" बस्स. उत्तर आलं नाही तर रागवायचं नाही, उद्या परत विचारायचं.

दहावीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिच्या आईला लिहिता-वाचता जेमतेम येत होतं. मुलीने उन्हाळ्यात घरचा माठ घेतला, दहा लिटर पाणी भरलं आणि शेजारच्या किराणा दुकानदाराच्या काट्यावर दर तासाला माठ तोलून आणला. सहा तासांत पाणी सात अंशांनी गार झालं. तिने हिशेब केला. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी लागतात, म्हणजे दहा लिटर पाणी सात अंश उतरवायला १२० ग्रॅमच्या आसपास वाफ पुरायला हवी. काट्यावर मात्र ४०० ग्रॅमच्या वर घट दिसत होती. तिला वाटलं आपलं चुकलं. तिच्या आईने म्हटलं, "अगं, बाहेरून ऊन पण तर आत येतंय की. माठ एकीकडून गार करतोय आणि दुसरीकडून तापतोय." मी ते वाक्य तिच्या वहीत वाचलं, 'आई म्हणाली' असं लिहून. टेबलावर एक माठ आणि एक वही, बाकी काही नाही. मी तिला पहिला नंबर दिला होता. उरलेल्या दोन परीक्षकांनी दिव्यांची माळ लावलेल्या स्मार्ट सिटीला दिला. दोनास एक, मी हरले. अजून राग येतो.

प्रश्न : मी नववीत आहे. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची लेखी परीक्षा दिली आहे. पुढे बोलावलं तर प्रकल्प लागेल, म्हणून आत्ताच सुरू केला. गणपतीतल्या निर्माल्याचं खत करून मेथी लावली. तीन कुंड्या खताच्या, तीन बिनखताच्या. २१ दिवसांनी खताच्या मेथीची उंची ११.२, ९.८ आणि १२.० सेंटीमीटर, बिनखताची १०.९, ११.६ आणि १०.१. म्हणजे काहीच फरक नाही. आमच्या बाई म्हणाल्या, खताची १५-१६ करून टाक, नाहीतर निष्कर्ष काय लिहिणार? मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

नको करूस. कारण सांगते, पण आधी एक कबुली. कॉलेजात लंबकाच्या प्रात्यक्षिकात गुरुत्वीय त्वरणाचं उत्तर आमच्या वेळच्या एककात ९८० यायला हवं असायचं. माझं एकदा ९१३ आलं. मी मागून हिशेब करून दोलनाचे सेकंद बदलले आणि ९७९ आणलं. ९८० आणलं तर संशय येईल, इतपत अक्कल होती. पूर्ण गुण मिळाले. पुढे कितीतरी वर्षांनी शाळेत मुलांकडून तोच प्रयोग करून घेताना कळलं, की दोऱ्याची लांबी मी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता गाठीपर्यंतच मोजत होते. ती चूक त्या ९१३ मध्ये लिहिलेली होती. मी ती पुसली आणि शिकायची राहिले.

आता तुझे आकडे बघू. खताच्या मेथीची सरासरी ११.०, बिनखताची सुमारे १०.९. पण नुसती सरासरी बघू नकोस. खताच्याच तीन कुंड्यांत ९.८ पासून १२.० पर्यंत, म्हणजे २.२ सेंटीमीटरचा फरक आहे. एकसारख्या वागवलेल्या कुंड्यांत जर इतका फरक पडतो, तर दोन गटांतला एक मिलिमीटर काहीच सांगत नाही. तुझा निष्कर्ष तयार आहे : 'या मांडणीत फरक दिसला नाही.' हे नापास होणं नव्हे.

आणि मजा यापुढे आहे. का दिसला नाही? मला सुचतं ते सांगते. मेथी शेंगवर्गीय. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून तिला देतात. एखादं रोप अलगद उपटून, मुळं धुऊन, भिंगाने बघ. गाठी दिसल्या तर त्याचं चित्र काढ. दुसरं, पहिले काही दिवस रोप बियाण्यातल्याच शिदोरीवर जगतं. तिसरं, तुझं निर्माल्य दोनच महिन्यांचं आहे, त्यात अजून पाकळ्या ओळखू येत असतील तर ते खत झालेलं नाही. चौथं, कुंड्यांतली माती रोपवाटिकेतून आणली असेल तर तिच्यात आधीच खत असणार. आणि गॅलरीत कठड्यालगतच्या कुंड्यांना ऊन जास्त लागतं. जागा रोज अदलाबदल केल्या होत्यास का? वहीत लिहिलं असेल तर बघ, नसेल तर 'लिहिलं नाही' असं लिही.

तुझ्या बाईंशी वाद घालू नकोस. त्यांच्यावर शंभर मुलांच्या प्रकल्पांचं ओझं असतं, मी त्यातून गेले आहे. वही घेऊन जा आणि एवढंच विचार, "बाई, मी आता सहा कुंड्या पालकाच्या लावू का? पालक शेंगवर्गीय नाही." कुठलीही विज्ञानाची बाई ह्याला नाही म्हणणार नाही. ही स्पर्धा सहावी आणि नववीसाठी आहे, मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या मंडळाने १९८१ मध्ये सुरू केलेली. लेखी, प्रात्यक्षिक, आणि मग प्रकल्प व मुलाखत. मुलाखतीत बसलेल्या माणसांनी स्वतः मेथी लावलेली असते, गं. १६ सेंटीमीटरचा आकडा बघून ती विचारतील, "कोणत्या दिवसापासून फरक दिसायला लागला?" आणि तुझ्याकडे त्याचं उत्तर नसेल, कारण तो दिवस उगवलेलाच नाही.

प्रश्न : मुलगी नववीत, हुशार आहे. एका क्लासने रोबोटिक्स, ऑलिम्पियाड आणि जेईई फाउंडेशन असं एकत्र पॅकेज सांगितलं आहे, फी पाच आकडी. शाळेतूनही दोन ऑलिम्पियाडचे फॉर्म आले. पुढे इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना या सर्टिफिकेटांचा उपयोग होतो का?
— एक वडील, नाशिक

सरळ सांगते, नाही. आपल्याकडे इंजिनिअरिंगचे प्रवेश सीईटी आणि जेईईच्या गुणांवर होतात, तिथे कुणी फाइल उघडून सर्टिफिकेटं बघत नाही. अपवाद फक्त राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचलेल्या मूठभर मुलांचा. गणिताच्या ऑलिम्पियाडमधल्या अशा मुलांसाठी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांची दारं वेगळी उघडतात. त्या भरवशावर पाच आकडी फी भरू नका.

'ऑलिम्पियाड' या शब्दाने तुमची फसगत होते आहे. हे नाव कुणीही वापरू शकतं, आणि वापरतात. शाळेतून फॉर्म येतात, फी घेतली जाते, वर्गातल्या निम्म्या मुलांना सोनेरी पदक मिळतं. वाईट आहे असं नाही, प्रश्न सोडवण्याची सवय लागते, पण त्या परीक्षांचा आंतरराष्ट्रीय स्पर्धेशी संबंध नसतो. विज्ञानातला खरा रस्ता असा : दहावीपर्यंतच्या मुलांसाठी भौतिकशास्त्र शिक्षकांची राष्ट्रीय संघटना नोव्हेंबरमध्ये कनिष्ठ विज्ञानाची परीक्षा घेते. त्यातून निवडलेली मुलं पुढच्या परीक्षेला बसतात, आणि ती आणि त्यानंतरचं शिबिर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेतं. नावनोंदणी पावसाळ्यातच आटोपते, म्हणजे आता पुढच्या वर्षी. क्लासवाल्यांना आणखी एक विचारून बघा : तुमच्या माहितीपत्रकात केव्हीपीवाय आणि एनटीएसई या शिष्यवृत्ती परीक्षा अजून आहेत का? केव्हीपीवाय २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेत विलीन झाली आणि एनटीएसई २०२१ पासून थांबलेली आहे. त्यांची तयारी करून घेणारा क्लास जुनंच माहितीपत्रक छापतो आहे.

तिला खरोखर काही द्यायचं असेल तर इस्रोच्या 'युविका'कडे लक्ष ठेवा. २०१९ पासून नववीच्या मुलांसाठी आहे. मे महिन्यात दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहायचं, प्रवास आणि राहण्याचा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे गुण धरतात, विज्ञान प्रदर्शनातला सहभाग धरतात, आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेच्या मुलांना वेगळे गुण असतात. वर्षाच्या सुरुवातीला इस्रोच्या संकेतस्थळावर सूचना येते.

रोबोटिक्सबद्दल एकच विचारते : तिला ते आवडतं का? पत्रात तुम्ही हुशार लिहिलंत, फी लिहिलीत, प्रवेश लिहिलात. तिला काय आवडतं ते लिहायचं राहिलं.

प्रश्न : आमच्या शाळेला अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सोल्डरिंगचं सामान सगळं आलं. पण मुख्याध्यापक खोली उघडू देत नाहीत. तपासणीला कुणी आलं की उघडतात. मोडलं तर कोण भरणार, असं म्हणतात. मी विज्ञान शिक्षक, नोकरीला तीन वर्षं झाली.
— एक शिक्षक, जिल्हा लिहिलेला नाही

सर, जिल्हा लिहिला नाहीत ते बरं केलंत. मी हसले, कारण माझ्या पहिल्या शाळेत सूक्ष्मदर्शकाला मखमलीचं झबलं शिवलेलं होतं आणि मुलांनी ते झबलंच पाहिलेलं होतं.

मुख्याध्यापकांची भीती खोटी नाही. साठा नोंदवहीत वस्तू कमी भरली तर सही त्यांची असते. म्हणून आधी एक 'मोडतोड वही' करा. काय मोडलं, कधी, कुणाच्या हातून, काय शिकलो, किती रुपयांची वस्तू. आणि त्यांना दाखवा की या योजनेत शाळेला पाच वर्षांत मिळून जे २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, त्यातला निम्मा भाग सामानासाठी आणि निम्मा प्रयोगशाळा चालवण्यासाठी आहे. चालवायची म्हणजे वायर जळणार, सेन्सर जाणार. वर्षभरात काहीच मोडलं नाही, तर खोली चाललीच नाही, असा तो हिशेब आहे.

प्रिंटरपासून सुरुवात करू नका. त्याच्याभोवती चाळीस मुलं उभी राहतात आणि एक मूल बटण दाबतं. सोल्डरिंगपासून करा, शाळेतल्याच कामांपासून. बंद पडलेली घंटा, स्पीकरची तुटलेली वायर, पाण्याची टाकी भरली की वाजणारा भोंगा. पहिला भोंगा वाजला की मुख्याध्यापक स्वतः किल्ली देतील, कारण टाकी वाहून जाण्याची कटकट त्यांचीच असते.

जमलं तर एकदा मुलांना घेऊन पाबळला जाऊन या, शिरूर तालुक्यात. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएच.डी. करून आलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन करणारे गृहस्थ. ते सोडून १९८३ मध्ये त्यांनी तिथे विज्ञान आश्रम काढला. कल्पना साधी : हाताने काम करता करता शिकायचं, आणि काम खोटंखोटं नाही, गावाला लागणारं. माध्यमिक शाळांत जो 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय आला, त्याची मुळं तिथली. वेल्डिंग, वीज, शेती, आरोग्य सगळं त्यात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या कल्पनेतल्या फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवून बघायच्या कार्यशाळा, जगभर निघाल्या. विद्यापीठाबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक पाबळला सुरू झाली, २००२ मध्ये. अटल लॅब त्यानंतर चौदा वर्षांनी आल्या. फेब्रुवारीच्या अखेरीस गेलात तर तिथून नारायणगावजवळचं खोडदही करता येईल. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे तिथे, आणि विज्ञान दिनाच्या सुमारास विद्यार्थ्यांचं प्रदर्शन भरतं. खेड्यातल्या शाळांची मुलं आपली यंत्रं घेऊन येतात. जेसीबी तिथेही दिसतील, पण शेजारीच तुमच्या मुलांना लाज वाटेल इतकं चांगलंही काही दिसेल.

प्रश्न : नातू बारा वर्षांचा. घरातला ट्रान्झिस्टर, गजराचं घड्याळ, मिक्सर असं सगळं खोलून ठेवतो, परत जुळवत नाही. सून वैतागली आहे. याला काही वळण लावता येईल का?
— एक आजोबा, मिरज

वळण लागलेलंच आहे, फक्त ते सुनेच्या मिक्सरवरून जातं आहे. भंगारवाल्याकडून वजनावर बंद वस्तू आणून त्याला एक खोकं भरून द्या. दोन नियम सांगा. काहीही खोलण्याआधी चित्र काढायचं आणि स्क्रू क्रमाने चिकटपट्टीवर लावून ठेवायचे. आणि जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही व मायक्रोवेव्ह यांना हात लावायचा नाही, कारण प्लग काढलेला असला तरी त्यांच्या आत वीज साठून राहिलेली असते. हा दुसरा नियम हसण्यावारी नेऊ नका. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर कचऱ्यातून खेळणी करण्याच्या पुष्कळ कृती फुकट आहेत, मराठीतही. दोन सेफ्टी पिना, एक सेल, एक चुंबक आणि तांब्याची तार यांची मोटर पहिल्यांदा फिरते तेव्हा आजोबांनाही टाळी वाजवावीशी वाटते. मी वाजवली होती.

प्रश्न : मी धुळ्याजवळच्या गावात नववीत शिकतो. आमच्या प्रयोगशाळेत पोषण आहाराची पोती ठेवतात. मोबाईलवर प्रयोग बघितले, सगळ्याला मोटर आणि सेन्सर लागतात. पैसे लागणार नाहीत पण मोठा वाटेल असा प्रयोग सांगा.
— एक विद्यार्थी

बाळा, पृथ्वी मोजूया का? तू आणि मी मिळून.

साधारण सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिस नावाच्या माणसाने हे केलं. उत्तर-दक्षिण असलेल्या दोन गावांत एकाच दिवशी, भर दुपारी सूर्य किती तिरपा आहे ते बघितलं, आणि त्या फरकावरून सगळ्या पृथ्वीचा परीघ काढला. तुझं पत्र वाचून मी नकाशा उघडला. धुळे आणि कोल्हापूर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, तुझं गाव बरोबर माझ्या डोक्यावर उत्तरेला. सरळ रेषेतलं उत्तर-दक्षिण अंतर साधारण ४६५ किलोमीटर. एसटीचं अंतर घेऊ नकोस, एसटी वळणं घेत जाते.

लागणारं सामान : बरोबर एक मीटर उंच उभी राहील अशी काठी, सपाट जागा, मोजपट्टी, घड्याळ. काठी सरळ उभी आहे का ते गवंड्याच्या ओळंब्याने बघायचं, जमीन सपाट आहे का ते पाणसळीने. गावात कुणाचं तरी बांधकाम चालूच असेल, दोन्ही मागून आण. बारा वाजून दहा मिनिटांपासून बारा पन्नासपर्यंत, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची. घड्याळातले बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत. आपल्याकडे त्या दिवशी सूर्य सर्वांत वर साडेबाराच्या आसपास येतो. सगळ्यांत आखूड सावली ती आपली.

एक अडचण येईल. सावलीचं टोक पुसट असतं, कारण सूर्य ठिपका नाही, थाळी आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझे विद्यार्थी टोक कुठलं यावरूनच भांडले. उपाय : काठीच्या टोकाला पुठ्ठा लाव, त्याला दाभणाने भोक पाड, भोक जमिनीपासून बरोबर एक मीटरवर येऊ दे. पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा एक छोटा गोल पडेल. त्या गोलाच्या मध्यावर खूण कर, आणि अंतर भोकाच्या नेमकं खाली ओळंबा टेकतो तिथपासून मोज. आणि जपून मोज, कारण सावलीत दीड सेंटीमीटरची चूक झाली तर कोनात अर्धा अंश चूक होते, आणि अर्ध्या अंशाने आपली पृथ्वी चार-पाच हजार किलोमीटरने लहान-मोठी होते.

सावलीची लांबी भागिले काठीची उंची, हा झाला टॅन. तुमच्या नववीच्या त्रिकोणमितीत आहे, तक्त्यात बघून कोन काढ. तुझ्या कोनातून माझा वजा करायचा. तो फरक ४६५ किलोमीटरचा, तर ३६० अंशांचे किती? पुस्तकात उत्तर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, ते तुलाही माहीत आहे. पण तुझी सावली किती यायला हवी ते मी सांगणार नाही. मला हिशेबाने काढता येते, आणि म्हणूनच सांगणार नाही. वर डोंबिवलीच्या ताईचं पत्र वाच.

हा प्रयोग इन्स्पायर-मानक योजनेला पाठवू नकोस. तिथे मुलाच्या डोक्यातली नवी कल्पना लागते, एखादी अडचण सोडवणारी. निवड झाली तर दहा हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. नाव मुख्याध्यापक ऑनलाइन भरतात. तुझ्या गावात रोज काय अडतं, ते वेगळ्या वहीत लिहीत राहा, पोत्यांपासून सुरुवात कर. सावलीचा प्रयोग मात्र प्रदर्शनात मांड. तिथे ओळंबा टांगून ठेव, परीक्षकाला हात लावू दे.

२२ डिसेंबर ठरवूया. त्या सुमारास आकाश स्वच्छ असतं. ढग आलेच तर २३. मी गच्चीवर असेन, नातीला घड्याळ धरायला सांगून ठेवलंय. त्याच संध्याकाळी दोघांनीही आपापले सगळे आकडे, नुसता शेवटचा नव्हे, पोस्टकार्डावर लिहून मासिकाच्या पत्त्यावर टाकायचे. आधी एकमेकांना कळवायचं नाही. संपादकांना सांगितलं आहे, दोन्ही पत्रं आली की एकदम उघडा. आणि काठी मोजताना शंभर सेंटीमीटर म्हणजे जमिनीच्या वर शंभर, खड्ड्यातला भाग धरायचा नाही; माझ्या वर्गात दर वर्षी दोघं तरी तिथेच चुकायचे.